दारावर टांगलेली झाडकोरफड

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट, तेव्हा कोणाच्या हाती हे कागद लागलेच तर त्याने माफ करावं. शाळा चौथीपर्यंतच झाली. पहिली वेलांटी कुठे द्यायची आणि दुसरी कुठे, हे मला आजही कळत नाही. हाताला येईल ती देते. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या बाजूवर लिहिते आहे. त्याला रेघा नाहीत, म्हणून ओळी उजवीकडे खाली उतरत जातात. कोणाला दाखवायचं म्हणून लिहीत नाही. चार माणसांत तोंड उघडायची मला लहानपणापासून लाज. लिहिताना समोर कोणी नसतं, म्हणून बरं वाटतं. माझ्या अंगणात झाडकोरफडी उभ्या आहेत, माणसापेक्षा उंच. थंडीत त्यांना लाल तुरे येतात. रस्त्याने जाणारे थांबतात, विचारतात, बाई, हे काय झाड? मी म्हणते, जुनं आहे, आणि आत जाते. त्यांना जे सांगत नाही ते इथे लिहिते.

तेव्हा आम्ही राजुऱ्याला आपांच्या घरामागच्या खोलीत राहत होतो. आपा म्हणजे घराच्या मालकीणबाई. सगळं गावच त्यांना आपा म्हणायचं. नवरा वारलेला, मुलगा तेंदूपानाच्या धंद्यात सदा फिरतीवर, मुलगी नागपूरला दिलेली. एवढ्या मोठ्या घरात त्या एकट्या, म्हणून माझ्या मायला त्यांनी कामाला ठेवलं होतं. झाडझूड, भांडी, कपडे, बागेची देखरेख, त्याबदल्यात महिन्याचा पगार आणि राहायला ती खोली. बाबा आलापल्लीच्या लाकूड डेपोत होते, महिन्याकाठी दोन दिवस येत आणि येताना अंगाला सागाच्या भुशाचा वास घेऊन येत. खोलीत एक चूल, एक बाज, भिंतीवर बुद्धाचा फोटो, आणि त्याच्याखाली फळीवर मायची पितळेची ताटली. दुपारी गावाजवळच्या खाणीत सुरुंग उडाला की ती ताटली आपोआप वाजायची. नवा माणूस दचकायचा. आम्ही मात्र त्यावरून ओळखायचो की आता आपा नमाजाला उठतील आणि मायला जरा पाठ टेकता येईल.

जेवायला रोज भात, कारण माय पोंभुर्ण्याकडची, धानाच्या देशातली. भाकरीने तिचं पोट भरायचं नाही. भातावर लाखोळीची डाळ, बाजूला जवसाची चटणी. आपांकडे काही खास झालं तर वाटी आमच्याकडे यायची. ईदच्या शेवया यायच्या, कधी खिचडा. आपा वाटी माझ्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "ले मुक्की, गरम हाय, सांडू नको." त्या मला मुक्कीच म्हणायच्या. मी मान हलवायची. दोन वर्षांत मी त्यांच्याशी 'हो' आणि 'नाई' याच्यापलीकडे काही बोलले असेन तर आठवत नाही. माझं वय तेव्हा पंधरा-सोळा असेल.

आपांची बाग म्हणजे बाग म्हणण्यासारखी नव्हती. त्या भागात वीतभर माती खणली की खाली फरशीचा दगड लागतो. विहीर होळीनंतर तळ दाखवायची. गुलाब, मोगरा, सगळं लावून आपांचा जीव थकला होता. मग त्यांनी दगडांच्या फटींतून मुरूम भरून नुसती निवडुंगं, घायपात, साधी कोरफड, असली न मागणारी झाडं लावली. वैशाखात सगळं गाव करपून जायचं, कुत्रीसुद्धा नालीत बसायची, पण ती बाग जशीच्या तशी. आणि तिच्या मधोमध ती झाडकोरफड. मांडीएवढं खोड, वरती फांद्या, प्रत्येक फांदीच्या टोकाला जाड काटेरी पानांचा झुपका. जुनी वाळलेली पानं गळून पडायची नाहीत, खोडालाच लोंबत राहायची, म्हाताऱ्याच्या दाढीसारखी. त्या दाढीमुळे माय त्या झाडाला मामाजी म्हणायची. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. जवळून जाताना ती मुद्दाम डोक्यावर पदर घ्यायची आणि मला म्हणायची, "सरक वो ईमल, मामाजी बसले हायेत, पाय नको लावू."

ते झाड आपांच्या धाकट्या भावाने आणलं होतं. तो आफ्रिकेत तांब्याच्या खाणीवर नोकरीला होता. एकदा सुट्टीवर आला तेव्हा पेपरात गुंडाळून तीन कोंब घेऊन आला. दोन गेले, एक जगला. भाऊ परत गेला तो पुन्हा आला नाही. तिकडेच खाणीत अपघात झाला, तिकडच्याच मातीत त्याला पुरलं. आपांना कबरीवर जाता आलं नाही. दर शुक्रवारी आपा त्या झाडाजवळ खुर्ची टाकून बसायच्या. इतक्या वर्षांत त्याला एकदाही फूल आलं नव्हतं. आपा म्हणायच्या, "परदेशी हाय, रुसलं हाय."

त्या वर्षी आषाढात आपांच्या मुलीचं बाळंतपण होतं. त्या नागपूरला गेल्या. जाताना मायला एवढंच म्हणाल्या, "बाई, बाकी काही झालं तरी चालीन, माझ्या भावाले सांभाळ." माय म्हणाली, "जीवासारखं सांभाळतो आपा." आणि तिने खरंच जीवासारखं सांभाळलं, तिथेच घात झाला.

धानाच्या देशातल्या माणसाला वाहतं पाणी पाहवत नाही, हे ज्याने धानाची रोवणी केली आहे त्यालाच कळेल. मायचा जन्म बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, चिखलात गेला. पाऊस आला की तिचे हात शिवशिवायचे. बांधीचा धुरा, म्हणजे मातीचा बांध, कुठे फुटला तर रात्री-अपरात्री बाप-भाऊ फावडं घेऊन धावत, ते ती लहानपणापासून पाहत आलेली. आणि इथे आभाळ फुटल्यासारखा पाऊस पडून राहिला होता आणि सगळं पाणी दगडांवरून घसरून नालीत जात होतं. दोन दिवस तिने पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बारा महिने तहानलेलं झाड, आन् तोंडासमोरून पानी पळून राह्यलं. पाप लागीन मले." तिने बाहेरून काळी माती आणली, झाडाभोवती हातभर उंच धुरा घातला, लिंपून घेतला, धानाच्या बांधीसारखी देखणी गोल बांधी केली. पाणी भरलं. त्यात बेडूक बोलायला लागले. माय दारात बसून मोठ्या समाधानाने म्हणाली, "पी बाप्पा मामाजी, पी."

पाऊस आठवडाभर थांबला नाही. श्रावण लागला तेव्हा खोडाजवळ एक वास यायला लागला, कुजलेल्या कांद्यासारखा. माय म्हणाली, बेडूक मेला असेल. मग एका सकाळी आम्ही भांडी घासत होतो आणि मागे धप्प आवाज झाला, भिंत पडावी तसा. झाड आडवं पडलं होतं. बुडाशी खोड नव्हतंच, नुसता तपकिरी चिखल होता. माय हातातली कढई घेऊनच धावली. तिने ते खोड उचलून उभं करायचा प्रयत्न केला, तर ते तिच्या हातात सुटून आलं. ती तिथेच चिखलात बसली.

मग तिला जे सुचलं ते तिने केलं. फांद्यांचे झुपके अजून हिरवे होते. तिने ते कोयत्याने कापले आणि लगेच, धानाची रोपं लावावी तसे, ओल्या मातीत खोचले, वरून आणखी पाणी घातलं. एक झुपका उरला. त्याला तिने सुतळी बांधली आणि आमच्या खोलीच्या दारावर उलटा टांगला, खाली डोकं, वर बूड. कोरफड अशी दारावर टांगली की नजर लागत नाही, असं आमच्याकडे सगळे करतात, हिंदू असो, मुसलमान असो, आम्ही असो. फक्त लोक साधी कोरफड टांगतात, तिने मामाजींचं डोकं टांगलं. शनिवारी बाबा आले, दारात वाकताना त्यांच्या कपाळाला काटा लागला. ते म्हणाले, "हे काय वो? बुद्धाची लेकरं आपण, आन् दारावर नजरेचा बंदोबस्त?"

माय म्हणाली, "तुमी बुद्धाची लेकरं असान. मले नजर लागली."

"नजर नाई लागली, तुले पानी लागलं," बाबा म्हणाले. मग तिचं तोंड पाहिलं आणि ती सुतळी त्यांनीच वर सरकवून नीट बांधली.

आपा आल्या तेव्हा मातीत खोचलेले झुपकेही सडून बसले होते. त्या झाडाच्या जागी उभ्या राहिल्या. अजून तिथे मायची बांधी होती, पाण्याने भरलेली. मला वाटलं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ये झाड नव्हतं गं बाई. भाई था मेरा. तू त्याले दुसऱ्यांदा पुरलं." माय पदराने तोंड झाकून उभी होती. संध्याकाळी आपांचा निरोप आला. दिवाळीनंतर खोली खाली करायची, आणि तोवर पगार अर्धा. माय म्हणाली, बरोबर आहे. बाबा म्हणाले, काय बरोबर आहे, मुद्दाम केलं काय? माय म्हणाली, "माणूस मुद्दाम मारते तवाच मरते काय?"

खोली गेली असती तर आम्ही कुठे गेलो असतो, हे मला आज विचार केला तरी समजत नाही. पोंभुर्ण्याला मामाचं घर होतं, पण मामाच्याच घरात पाय पसरायला जागा नव्हती. पण मला खोलीपेक्षा मायचं वाईट वाटायचं. तिने भातावर डाळ घ्यायचं सोडलं. आपांच्या अंगणात ती चोरासारखी झाडायची, त्या ओसरीवर आल्या की मागच्या बाजूला जायची. ज्या हाताने रोप लावलं की जगतं, असं तिच्या माहेरी सगळे म्हणायचे, त्या हाताकडे ती बसल्या बसल्या पाहत राहायची. ईदच्या शेवयांची वाटी त्या वर्षी आली नाही.

त्या टांगलेल्या झुपक्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, माझं होतं. बाजेवर पडलं की तो डोळ्यांसमोर यायचा. दसरा आला, तो हिरवाच. खालची दोन-चार पानं लाल होऊन सुरकुतली, पण मधला गाभा टणक. कापलेलं बूड वाळून टाचेच्या भेगाळ कातड्यासारखं झालं. आणि एक गोष्ट मला दिसली. उलटा टांगलेला असून त्याने आपलं टोक वळवून आभाळाकडे केलं होतं. मान मुरगळलेल्या माणसाने वर पाहावं तसं. मी मायला दाखवलं, तिने पाहिलंसुद्धा नाही. दिवाळीच्या आधी मी दारापुढचं सारवत होते. मान वर केली तर त्या वाळक्या बुडातून पिवळ्या-पांढऱ्या गाठी बाहेर आलेल्या, तांदळाच्या कण्यांएवढ्या. मी बाजेवर चढून बोट लावलं. मुळं होती. ना माती, ना पाणी, आणि मुळं फुटली होती.

माय बाजाराला गेली होती. मी थांबले असते तर तिने मला जाऊ दिलं नसतं, म्हणाली असती, आता आणखी काही नको. मी सुतळी सोडली, झुपका पोटाशी धरला, काटे झग्यातून टोचत होते, आणि आपांच्या मागच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. आपा अडकित्त्याने सुपारी कातरत होत्या. मी उभीच. अडकित्त्याचा कट-कट आवाज चालू. बऱ्याच वेळाने त्यांनी पाहिलं.

"काय गं मुक्की? आईने पाठवलं?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"मग बोल ना. काय धरून राह्यली ते?"

"आपा," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, "हे मेलं नाई."

त्यांना काही कळलं नाही. मी झुपका उलटा करून बूड त्यांच्यापुढे धरलं. "हे त्याचंच डोकं हाय. दारावर टांगलं होतं. बाकीचे पान्याने सडले. याले कोणी पानी दिलं नाई, म्हून वाचलं. पाहा, मुळं. मायले काढू नका. तिने त्याले जास्त दिलं, कमी नाई दिलं."

एवढं मी आयुष्यात एका दमात कधी बोलले नव्हते. त्यानंतरही क्वचितच बोलले असेन. आपांनी अडकित्ता खाली ठेवला. बोटाच्या टोकाने एका मुळाला हात लावला, लहान बाळाच्या दाताला लावतात तसा. मग बराच वेळ त्यांनी तोंड दुसरीकडे केलं. बोलल्या तेव्हा आवाज कडकच होता. "दोन कोंब बरसातीनेच खाल्ले होते तेव्हा. झाडही बरसातीनेच खाल्लं. याची एक बरसात निकलू दे. निकलली तर पुढची बात. तोवर राहा खोलीत."

"आन् पगार?" हे मी कसं विचारलं देव जाणे.

"तेबी तवाच," आपा म्हणाल्या. आणि मी वळले तेव्हा मागून, "मुक्की कोण म्हणते तुले?" असं काहीतरी पुटपुटल्या.

आम्ही ते लावलं ते खड्ड्यात नाही, ढिगावर. मी सांगितलं, माती नको. फरशीचे तुकडे, मुरूम, विटांचा चुरा, असा कमरेएवढा उतरता ढीग केला आणि त्याच्या माथ्यावर तो झुपका ठेवला, बुडाभोवती नुसते दगड लावले. पहिले पंधरा दिवस पाण्याचा थेंब दिला नाही. माय रिकामी बादली घेऊन त्याच्याभोवती फिरायची. "पोरी, एक लोटा तरी?" "नाई." "अर्धा?" "नाई म्हटलं ना माय." बाबा हसून म्हणायचे, "लेकीने सासूपण घेतलं तुयावर." उन्हाळा त्याने सहज काढला. पानं थोडी मिटून घेतली, तांबूस झाली, बस. आज लोक माझ्याकडून कोंब नेतात तेव्हा मी तेवढंच सांगते. कापलेलं सावलीत पुरतं वाळू द्या, उंचावर लावा, आणि जीव तुटला तरी हात आवरा. ऐकतात, आणि घरी जाऊन पाणी घालतात.

मग पुन्हा आषाढ आला. एके दिवशी सकाळपासून असा पाऊस लागला की समोरची भिंत दिसेना. ढिगाचा मुरूम वाहायला लागला. घराच्या पन्हाळीचं पाणी वळून थेट ढिगाच्या पायथ्याशी साचत होतं. मी दारातून पाहते तर माय फावडं घेऊन धावत सुटलेली. मला वाटलं ही पुन्हा धुरा घालते. मी ओरडत मागे गेले, "माय, नको! बांधी नको करू!" तिने मागे न पाहता हात झटकला. आणि पाहते तर ती धुरा घालत नव्हती, चर खणत होती. रोवणीनंतर बांधीत पाणी जास्त झालं की धुऱ्याला तोंड पाडून सोडून देतात, ते काम तिच्या हाताला लहानपणापासून माहीत होतं. दगडांच्या बाजूने तिने असा तिरपा चर काढला की साचलेलं सगळं पाणी खळखळत नालीकडे गेलं. मी फरशीचे तुकडे आणून ढिगाला लावत होते. तेवढ्यात डोक्यावरचा पाऊस थांबल्यासारखा वाटला. वर पाहिलं तर छत्री. आपा ओसरीवरून उतरून आल्या होत्या, अनवाणी, आणि काळी छत्री माझ्यावर नाही, त्या झाडावर धरून उभ्या होत्या. स्वतः नखशिखांत भिजत होत्या.

मायने फावडं टेकवलं, एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा झाडाकडे. आणि त्या श्रावणापासून ती हसली नव्हती ती हसली. "आपा, मामाजीले छत्री धरली काय वो!"

"कोण मामाजी?" आपा म्हणाल्या.

मायने सांगितलं. आपा भिजलेल्या ओढणीने तोंड पुसत होत्या, पुसता पुसता त्याही हसायला लागल्या. "माझा भाऊ तुझा मामाजी? तो तुझ्याहून लहान होता गं बाई!" छत्री हलली आणि सगळं पाणी माझ्या मानेत पडलं. त्या दिवशी ओल्या कपड्यांनी आम्ही तिघी आपांच्या चुलीपुढे बसलो होतो. आपांनी स्वतः चहा केला, आलं ठेचून. त्या चहाची चव माझ्या जिभेवर अजून आहे.

पाऊस दसऱ्याच्या सुमारास उघडला. एका शुक्रवारी आपा खुर्ची घेऊन ढिगाजवळ आल्या. बसल्या नाहीत. वाकून त्यांनी झाडाला दोन्ही हातांनी धरलं आणि हलवून पाहिलं, जरा जोरातच. ते हललं नाही. मधून दोन नवी पानं आली होती, हिरवी, काट्यांसकट. त्या आत गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात रुमालाची गाठ होती. माय ओसरी पुसत होती. आपांनी ती गाठ तिच्या ओल्या हातात ठेवली. माय घाबरली, म्हणाली, "हे काय आपा?"

"तुझा कापलेला पगार. सगळ्या महिन्यांचा."

मायने गाठ सोडली, पण नोटांना हात लावेना. "येवढे कसे होतीन आपा? मोजून तरी पाहा तुमी, जास्त आले असतीन."

"जास्तबी नाई, कमीबी नाई," आपा म्हणाल्या आणि खुर्ची उचलून झाडाकडे निघाल्या. "दर महिन्याले माझ्याच हाताने कापले. मले पाठ हायेत."